समोरचा डाव आणि दूरचा डाव

प्रभादेवीच्या ज्या चाळींत आमचें बालपण गेलें तिच्या जिन्याखालीं शनिवारीं रात्रीं तीन पत्तीचा डाव बसत असे. आणि त्याच चाळीपासून पन्नास पावलांवर, पानाच्या गादीशेजारीं, आंकडा घेणारे एक गृहस्थ स्टुलावर बसलेले असत. दोन्ही ठिकाणें आमच्या वडील मंडळींच्या मतें सारखींच निषिद्ध होतीं, आणि त्या बाजूस फिरकूं नये असा आम्हां मुलांस सक्त हुकूम होता. अर्थात् त्यामुळेंच आम्हीं दोहोंचेंही बारकाईनें निरीक्षण केलें.

एक गोष्ट मात्र त्या वेळीं उमगली नाहीं. गिरणींतला कामगार जिन्याखालीं बसला म्हणजे अत्यंत सावध असे. पानें हलकीं आलीं कीं ‘पॅक’ म्हणून तीं खालीं ठेवी, समोरच्याच्या भिवईकडे पाही, चाल करावी कीं न करावी याचा क्षणभर विचार करी, आणि महिन्याच्या अखेरीस तर नुसता बघ्या म्हणून बसे. तोच मनुष्य नाक्यावर गेला कीं सकाळीं दिसलेल्या बसगाडीच्या क्रमांकावर खिशांतले पैसे लावून मोकळा होई, आणि हरला तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट लावी. जुगार तो जुगारच, असें म्हणून नीतिकारांना सुटतां येतें. इतिहासाच्या अभ्यासकाला इतक्या स्वस्तांत सुटतां येत नाहीं. एकाच मनुष्याची पैसे लावण्याची रीत पन्नास पावलांच्या अंतरानें अशी कां बदलावी?

हा जुना प्रश्न आमच्यापुढें पुन्हां उभा राहिला तो एका विद्यार्थ्यामुळें. मुलगा पदव्युत्तर वर्गांतला, बुद्धीनें तल्लख, आंकडेमोडींत विशेष. त्यानें सहामाहीच्या फीचे पैसे मोबाइलवरच्या पोकरांत घालविले, आणि मग तो आमच्याकडे आला. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापापेक्षां कोडें अधिक होतें. “सर,” तो म्हणाला, “मित्रांच्या खोलीवर मी दोन वर्षें खेळतों आहें. तिथें माझ्याइतकें कोणी जिंकत नाहीं. पत्ते तेच, नियम तेच. मग इथें सहा आठवड्यांत असें कां व्हावें?” आम्हीं त्यास जें उत्तर दिलें तें प्राध्यापकी होतें, म्हणजे प्रश्न टाळणारें. पुढें मात्र हें मनाला लागून राहिलें, आणि त्यांतूनच हा लेख निघाला आहे.

समोरासमोरच्या द्यूताविषयीं आपल्याकडे लिहिलें गेलें आहे तें थोडें नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ३४ व्या सूक्तांत जुगारी स्वतःच बोलतो. आतां खेळावयाचें नाहीं असा निश्चय करतो, आणि फांसे पडल्याचा आवाज कानीं येतांच त्याचा निश्चय ढळतो. कौटिल्यानें तर द्यूत एकाच ठिकाणीं, द्यूताध्यक्षाच्या नजरेखालीं चालावें, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड व्हावा, आणि जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच सरकारांत जमा व्हावे अशी चोख व्यवस्था सांगून ठेविली आहे. आजच्या कोणत्याही पत्तेघराच्या चालकास हा हिशेब परका वाटणार नाहीं. परंतु आमच्या विषयाला सर्वांत जवळचा प्रसंग सभापर्वांतला. तेथें धन लावतो दुर्योधन आणि फांसे टाकतो शकुनि. एकासाठीं दुसऱ्यानें खेळणें विषम आहे असा आक्षेप युधिष्ठिर प्रारंभींच घेतो, आणि तरीही खेळावयास बसतो. ज्याचें धन तो एक, ज्याचा हात चालतो तो दुसरा, आणि आपण पाहात राहावयाचें भलत्याच तोंडाकडे! दूरच्या डावाचें बीज आम्हांस येथें दिसतें. युधिष्ठिर फांशांमुळें हरला कीं कपटामुळें हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. आम्हांला लक्षणीय वाटते ती त्या आख्यानाची गति: एक पण गेला कीं लगेच दुसरा. हरलेल्यानें उठून जावें इतकी फट त्यांत कोठेंच ठेविलेली नाहीं.

मुंबईंत दूरच्या डावाला वाट करून दिली ती, गंमत म्हणजे, पावसानें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या शहरांत पावसावर सट्टा चाले. ठरलेल्या वेळांत छपरावरची पन्हळ वाहेल कीं नाहीं यावर एक प्रकार, आणि मापकांत किती पाणी सांचेल यावर दुसरा. या प्रकारांस ‘कलकत्ता मोरी’ व ‘लकडी सट्टा’ अशीं नांवें होतीं. येथें समोर मनुष्य उरला नाहीं, पण आभाळ तरी सर्वांच्या डोक्यावर सारखेंच होतें, आणि ज्याला ढग वाचतां येत त्याचें पारडें इतरांपेक्षां थोडें जड असे. सरकारला हा प्रकार आवडला नाहीं. १८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यांतील जुगारघराची व्याख्या, पुढच्या दुरुस्त्यांसह, वाचकांनीं एकदां अवश्य वाचावी; भूस्तरशास्त्रज्ञ दरडींतले थर वाचतो तशी ती वाचण्याजोगी आहे. पाऊस पडणें न पडणें, त्याचें मान, कापूस व अफू यांचे भाव, ते भाव लिहितांना वापरलेले आंकडे, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींचे क्रमांक, आणि पत्त्यांवरील चित्रें व अंक, असे सर्व थर तींत एकावर एक बसलेले आढळतात. मनुष्य कशाकशावर पैसे लावूं शकतो याची याहून प्रामाणिक बखर आमच्या पाहण्यांत नाहीं.

त्यांतील कापसाचा थर आमच्या भागाशीं निगडित आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतले उघडते व बंद होते भाव तारायंत्रानें मुंबईस येत, आणि त्यांच्या आंकड्यांवर पैजा लागत. मुंबादेवीजवळची धनजी स्ट्रीट हें त्याचें एक प्रसिद्ध ठिकाण. ज्या परळ-लालबागच्या गिरण्यांत दिवसभर कापूस कांतला-विणला जाई, तेथील हातांनीं सायंकाळीं सातासमुद्रांपलीकडच्या कापसाच्या भावावर पैसे लावावे हा योगायोग खरा. पण लावणारास कापसाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें, त्यास पाहिजे होता फक्त शेवटचा आंकडा. म्हणून १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे भाव येईनासे झाले तेव्हां सट्टा थांबला नाहीं. कापूस तेवढा गळून पडला. १९६२ सालीं कल्याणजी भगत या कच्छी व्यापाऱ्यानें वरळीस स्वतःचा आंकडा सुरू केला, आणि १९६४ सालीं फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनीं दुसरा. प्रारंभीं चिठ्ठ्या मडक्यांत घालून काढीत म्हणून नांव पडलें मटका. पुढें मडकें गेलें आणि पत्ते आले: तीन पानें काढावयाचीं, बेरीज करावयाची, एकंचा अंक घ्यावयाचा. तिर्री, छक्की आणि चौकी निघाली तर बेरीज तेरा, आंकडा तीन. रात्रीं नऊला एक, बाराला दुसरा. पहिल्याला ‘ओपन’ आणि दुसऱ्याला ‘क्लोज’ हीं नांवें मात्र कायम राहिलीं. न्यूयॉर्कचा बाजार उघडण्या-मिटण्याचे ते अवशेष होत, हें तीं नांवें रोज उच्चारणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असावें.

दूरच्या डावाची खरी अडचण विश्वासाची असते. समोर बसलेला मनुष्य पत्ता लपवितांना पकडतां येतो. वरळीस निघालेल्या आंकड्याची प्रभादेवीच्या नाक्यावर खात्री कशी पटावी? खत्रींचें सारें यश, आमच्या मतें, या एका प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेलें आहे. आंकडा लोकांसमक्ष निघतो अशी ख्याति त्यांनीं जपली, आणि लागलेल्या आंकड्याचे पैसे बिनबोभाट चुकते होत. नाक्यावरचा चिठ्ठी लिहिणारा ओळखीचा, त्याचा शब्द पक्का, एवढ्यावर हजारों लोक न पाहिलेल्या पत्त्यांवर विसंबत. आणि लावणारास एकदां विश्वास बसला कीं त्याला आणखी विचार करण्याचें कारण उरत नसे. एका आंकड्यावर रुपयाला नऊ, जोडीवर रुपयाला नव्वद. दहांतून एक आणि शंभरांतून एक अशा संधीवर हे भाव म्हणजे ढोबळ मानानें दहा रुपयांतला एक रुपया मालकाचा. मग आंकडा सात लावा कीं दोन, रुपया लावा कीं शंभर. या खेळांत खेळणाऱ्याच्या शहाणपणास एक तिळाएवढीही जागा नव्हती. आणि जेथें शहाणपणास जागा नाहीं तेथेंच युक्त्यांचें पीक अमाप येतें! मागील आंकड्यांचे तक्ते, स्वप्नांचे अर्थ, मोटारींचे क्रमांक. प्रभादेवींत ‘किस्मत’ नांवाचें चित्रगृह होतें; त्याच्या तिकिटावरचे अंक लावणारे एक सद्गृहस्थ आमच्याच मजल्यावर राहात.

आतां जिन्याखालीं या. बावन्न पानांतून तीन पानें निरनिराळ्या २२,१०० प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांपैकीं जोडी किंवा तिच्याहून बरें कांहीं असे प्रकार ५,६६०. म्हणजे चारांपैकीं सुमारें तीन वेळां हातांत सांगण्यासारखें कांहीं नसतें, आणि तरीही खेळ चालतो. कारण तो पानांवर चालतच नाहीं, तो चालीवर चालतो. पानें न पाहतां खेळणाऱ्याला निम्मी चाल, पाहून खेळणाऱ्याला दुप्पट, हा नियम ज्या कोणीं केला तो मनुष्यस्वभावाचा मोठा जाणता असला पाहिजे. समोरच्याला जें ठाऊक आहे त्याची किंमत तो देतो आहे, आणि तो ती देतांना आपण त्याच्याकडे पाहतों आहों. चाल म्हणजे येथें एक प्रकारचें बोलणें. कोण नेहमीं फुगवून बोलतो, कोण तोंड शिवून बसतो, कोणाचा पगार कालच झाला, हें सर्व सर्वांस माहीत. शिवाय पत्ते पिसावयाचे, कापावयाचे, वाटावयाचे, मध्येंच चहा, मध्येंच तंटा. आमच्या आठवणीप्रमाणें तासाला पंधरा-वीस डावांवर मजल जात नसे. हरलेल्या मनुष्यास थंड होण्यास वेळ मिळे, आणि कोणी फारच हरूं लागला तर दुसरा त्याचे पत्ते काढून घेऊन “आतां घरीं जा” म्हणे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच आमच्या जिन्याखालचा डाव बंद पडला. तो कोणीं बंद केला नाहीं. समोरच्याच्या घरीं चूल पेटली नाहीं हें माहीत असतां त्याच्यावर चाल करणें कोणास जमेना. नाक्यावरचा स्टूल मात्र हलला नाहीं. उलट तेथें कांहीं नवे चेहरे दिसूं लागले. तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. दोन डावांमधला भेद आम्हांस प्रथम दिसला तो तेव्हां, कळला फार उशीरां.

पोकराकडे वळण्यापूर्वीं एक खुलासा करणें अवश्य आहे. आम्ही तो खेळ पैशानें कधींच खेळलों नाहीं. जें लिहितों तें वाचून, पाहून आणि त्या विद्यार्थ्यास विचारून. या खेळाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती जॉन फॉन नॉयमन या हंगेरियन गणितज्ञानें. १९२८ सालीं त्यानें अशा खेळांच्या गणिताचा पाया घातला, आणि १९४४ सालीं मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथांत पोकरावर एक स्वतंत्र विवेचन दिलें. हूल देणें हा लबाड मनुष्याचा स्वभावदोष नसून योग्य खेळाचें तें अपरिहार्य अंग आहे, हें त्यानें गणितानें दाखविलें. जो हूल देतच नाहीं त्याच्या मोठ्या चालीस कोणी पैसे घालणार नाहीं. तेव्हां खरीं पानें फळावीं म्हणून देखील अधूनमधून खोटी चाल करावी लागते. पण किती वेळां? मेजावर १०० रुपये आहेत असें धरूं. आपण ५० लाविले तर समोरचा ५० घालून एकूण २०० साठीं खेळतो. चारांत एकदां जिंकला तरी त्याचें सुटतें. आपण १०० लाविले तर त्यास तिहींत एकदां जिंकावें लागतें. उलट आपल्याकडे कांहींच नसेल तर ५० ची हूल तिहींत एकदां, आणि १०० ची हूल दोहोंत एकदां साधली पाहिजे. यांत चेहरा, आवाज, पगाराचा दिवस कोठेंच येत नाहीं. खेळाचा हा सांगाडा. मांस त्यावर मनुष्यें चढवितात.

मेजाभोंवतीं प्रत्यक्ष बसलेलीं मनुष्यें तें भरपूर चढवितात. तासाला पंचवीस-तीस डाव, त्यांतले बहुतेक टाकून द्यावयाचे. एवढा वेळ थांबलेला मनुष्य बरीं पानें आलीं कीं उठावयास तयार नसतो. पैसे घालून पाहण्याची हौस दांडगी. म्हणून मुरलेले खेळाडू समोरच्या डावांत पहिली चाल ठरलेल्या मोठ्या अनामतीच्या चौपट-पांचपट करतात, खऱ्या पानांवर जड लावतात, आणि हूल जपून, माणूस पाहून देतात. पडद्यावरच्या डावांत पहिली चाल बहुधा दुप्पट-अडीचपट. पुढच्या चाली मेजावरच्या रकमेचा तिसरा हिस्सा, अर्धा हिस्सा अशा मापानें, बोटाच्या एका टिचकीसरशी. आणि हूल व खरें पान दोन्ही एकाच मापानें, म्हणजे चालीवरून कांहीं ओळखूं येऊं नये. समोर चेहरा नाहीं. असलें तर एवढेंच कळतें कीं अमक्यानें बटण दाबण्यास किती वेळ घेतला. पण चेहऱ्याच्या जागीं दुसरें कांहीं आलेलें असतें. सराईत खेळाडू प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या शेंकडों डावांची नोंद यंत्राकडून ठेववितात: हा शंभरांत किती वेळां शिरतो, किती वेळां उठतो. गंमत अशी कीं जिन्याखालचे लोक एकमेकांस ओळखत तसें हेंही ओळखणेंच. फक्त त्यांत ज्याला ओळखावयाचें त्याच्याविषयीं आपणांस कांहींच माहीत नसतें.

आतां आमच्या विद्यार्थ्याचा हिशेब लागतो. मित्रांच्या खोलींत तो जिंके तो मोठ्या हुलीवर. कोण बिचकला आहे हें त्याला दिसे, आणि त्याच्यावरच तो मेजभर रक्कम लोटी. त्यामुळें दोहोंत एकदां नव्हे, चारांत तीनदां समोरचा उठे. पडद्यावर तीच चाल त्यानें तशीच नेली. बिचकलेला कोण हें आतां दिसत नव्हतें, आणि समोरच्या कसलेल्या खेळाडूंना तिहींत एकदां जिंकणें पुरे होतें. ते पैसे घालून पाहात. दुसरें असें कीं मित्रांच्या खोलींत प्रत्येक डावांतून हिस्सा कापून घेणारा मालक नव्हता. तिसरी गोष्ट गतीची, आणि ती आम्हांस सर्वांत मोठी वाटते. पडद्यावर एका मेजाला तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात. तो एकाच वेळीं चार मेजांवर खेळे. चार तासांच्या रात्रीं मित्रांच्या खोलींत शंभर-सवाशें डाव, येथें हजार. शंभर डावांत एखादी चूक नशिबावर घालतां येते. हजार डावांत ती चूक स्वतःचा हिशेब स्वतःच मांडते. त्याचे सहा आठवडे म्हणजे मित्रांच्या खोलींतलीं कित्येक वर्षें होतीं.

उलट्या दिशेचा प्रवास मात्र सोपा जातो असें इतिहास दाखवितो. २००३ सालीं ख्रिस मनीमेकर नांवाचा अमेरिकन हिशेबनीस, संगणकावरच्या अल्प शुल्काच्या स्पर्धेंतून निवडून, लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेस गेला, आणि जन्मभर समोरासमोर खेळलेल्यांना हरवून पंचवीस लक्ष डॉलर घेऊन आला. (हें त्याचें खरें आडनांव आहे, वाचकांनीं आमच्यावर शंका घेऊं नये.) २०१७ सालीं लिब्राटस नांवाच्या यंत्रानें चार निष्णात खेळाडूंना १,२०,००० डावांत नमविलें, आणि २०१९ सालीं प्लुरिबस या दुसऱ्या यंत्रानें सहा जणांच्या मेजावर तेंच केलें. कोणाचाही चेहरा न पाहतां जन्मलेल्या खेळाडूला चेहऱ्याची उणीव भासत नाहीं, एवढा त्याचा अर्थ.

कायदा या भेदापाशीं पुष्कळ दिवस अडखळत होता. १८८७ चा कायदा जुगाराला घर असतें असें धरून चालतो. भिंती, दार, आणि आंत शिरणारा शिपाई. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, आणि पुढें पोकरवाल्यांनीं त्याच छत्रीखालीं उभें राहण्याचा बराच प्रयत्न केला. गोव्यानें १९९६ सालीं कायदा बदलून जहाजांवरच्या मेजांना परवानगी दिली, म्हणून मांडवीच्या पात्रांत तीं दिव्यांनीं लखलखणारीं जहाजें दिसतात. शेवटीं २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि खेळ कौशल्याचा कीं दैवाचा हा भेदच त्यांतून काढून टाकला. कायदेपंडितांना हें रुचलेलें नाहीं. आम्हांला मात्र त्यांत स्टूल आणि जिना यांच्यांतला फरक कोणीतरी प्रथमच ओळखल्यासारखें वाटलें, मग त्यावरचा उपाय कितीही ओबडधोबड असो.

हें सर्व लिहून झाल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यास एका रविवारीं घरीं बोलाविलें. आमच्या मंडळींनीं डब्यांतून चिंचोके काढून दिले, मेहुणे आले होते त्यांना तिसरे बसविलें, आणि जन्मांत प्रथमच आमच्या दिवाणखान्यांत पत्त्यांचा डाव मांडला. तासाभरांत आमचे सर्व चिंचोके त्याच्या पुढ्यांत होते. मेहुणे हूल देतांना चष्मा पुसतात, आणि आम्ही चांगलीं पानें आलीं कीं उगाच गप्प बसतों, असें त्यानें नंतर सांगितलें. तो हंसत होता. पण मेहुणे आपल्या संथ हातांनीं पत्ते पिसत असत तेवढ्या वेळांत त्याच्या उजव्या हाताचा आंगठा मेजाच्या कांचेवर आपोआप वर-खालीं सरकत होता. आम्ही पाहतों आहों हें लक्षांत आल्यावर त्यानें तो हात मांडीवर घेतला, आणि पत्ते वाटून होण्याची वाट पाहात राहिला.